परवाना, कर्ज आणि गाव : ‘द व्हिलेज इन द जंगल’मधील ग्रामजीवन

ग्रामीण जीवनावरील साहित्याची चर्चा बहुधा लेखक ‘आतला’ की ‘बाहेरचा’ या प्रश्नापाशी येऊन थांबते. लेनर्ड वुल्फ यांची १९१३ साली प्रसिद्ध झालेली ‘द व्हिलेज इन द जंगल’ ही कादंबरी या निकषाची मर्यादा स्पष्ट करते. वुल्फ १९०४ ते १९११ या काळात सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) सनदी सेवेत होते. अखेरची सुमारे तीन वर्षे हंबन्टोटा या कोरड्या, रानाने वेढलेल्या जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे होता. म्हणजे कादंबरीतील गावकऱ्यांसारख्या माणसांवर ज्या कचेरीची सत्ता चालत होती, तिचेच ते प्रमुख होते.

कादंबरीतील बेद्देगामा हे गाव चेना शेतीवर जगते. कोकण-घाटमाथ्यावरील कुमरीशी तिचे जवळचे नाते आहे. कोरड्या दिवसांत रान तोडून जाळायचे, पावसाच्या तोंडावर राखेत कुरक्कन, म्हणजे आपली नाचणी, पेरायची, आणि जमिनीचा कस उतरला की दुसरीकडे वळायचे. परंतु १८४० च्या कायद्याने मालकीचा पुरावा नसलेली पडीक व रानजमीन सरकारची मानली होती. त्यामुळे चेनासाठी परवाना आवश्यक ठरला. हा परवाना कचेरीतून येई, पण त्याची वाट गावच्या मुखियाच्या दारावरून जाई. भूक आणि कागद यांच्यामध्ये उभा असलेला हा मुखिया, बाबेहामी, कथेतील खरा सत्ताधारी होय.

कादंबरीचे शीर्षक वाचकाला रानाकडे पाहायला लावते. अनेक समीक्षकांनीही रान हीच तिची मध्यवर्ती शक्ती मानली आहे. मात्र कथानकाची वळणे तपासली असता वेगळे चित्र दिसते. शिकारी सिलिंदूशी वैर धरून मुखिया त्याच्या चेनाची वाट अडवतो. पीक हाती येण्याआधीच ते कर्जात गुंतलेले असते. सिलिंदूचा जावई बाबून याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. न्यायाधीशाला काहीतरी खटकते. तरीही समोर आलेल्या पुराव्यानुसार तो बाबूनला शिक्षा देतो. न्यायालयात नियमभंग असा कुठेच होत नाही, आणि अन्याय मात्र पुरेपूर होतो. बाबून तुरुंगात मरतो. सिलिंदू मुखियाला आणि सावकार फर्नांडो याला गोळी घालतो व स्वतःहून गुन्हा कबूल करतो. शेवटी रान गाव गिळते हे खरे. परंतु गाव आतून पोखरले जाते ते परवाना, कर्ज आणि निकालपत्र यांनी. हे पोखरणे इतक्या नेमकेपणाने दाखवणे कचेरीचे कामकाज जाणणाऱ्या लेखकालाच साधले.

या ज्ञानाची किंमतही कादंबरी मोजते. पात्रांचे वर्णन करताना निवेदक वारंवार जनावरांच्या उपमांकडे वळतो. गावातली थट्टा आणि कामातले कौशल्य यांना फारच थोडी जागा मिळते. कचेरीपर्यंत गावकरी पोहोचतो तो अर्जदार, आरोपी वा कर्जदार म्हणून. त्याचा निवांत वेळ तेथे येत नाही. कादंबरीतील उणीव नेमकी याच ठिकाणी आहे.

मग ‘आतल्या’ लेखकाकडे ही उणीव भरून निघते काय? कोग्गला येथे जन्मलेल्या मार्टिन विक्रमसिंह यांच्या ‘गम्पेरळिय’ (१९४४) या सिंहली कादंबरीत दक्षिण किनाऱ्यावरील एका खेड्याचे बदलते जीवन घरगुती बारकाव्यांसह येते. तथापि तिचा केंद्रबिंदू ‘महागेदर’ हे गावातील मोठे घर आहे. रान जाळून नाचणी पिकवणारा शेतकरी तेथेही परिघावरच राहतो. म्हणजे ‘आत’ म्हणजेही एखादे विशिष्ट घरच असते. उलट, वुल्फ परके असूनही त्यांची कादंबरी सिंहली संस्कृतीने आपलीशी केली. १९६३ मध्ये ‘गम्पेरळिय’ पडद्यावर आणणाऱ्या लेस्टर जेम्स पेरिस यांनीच पुढे ‘बेद्देगम’ हा चित्रपटही केला.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या तुलनेत उपयुक्त ठरते. तेथेही निवेदक नेमणुकीवर आलेला आहे आणि तेथेही शेवटी गाव रिते होते. परंतु शाळामास्तराला वाडीतच राहावे लागते. मुले शाळेत यावीत म्हणून त्याला मेंढपाळांची मनधरणी करावी लागते. त्यामुळे माणसांचे बोलणे, विक्षिप्तपणा आणि जिव्हाळा त्याच्या नजरेत येतात. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला गावाची गरज अशी पडत नाही. मास्तराला मात्र कर्ज आणि कायदा यांची ती वरून दिसणारी साखळी तेवढी दिसत नाही.

म्हणून तुलनात्मक अभ्यासात ‘आतला-बाहेरचा’ या द्वंद्वाऐवजी अधिक नेमका प्रश्न विचारणे इष्ट ठरेल : लेखक वा निवेदक कोणत्या कामाने गावात गेला, आणि त्या कामाने त्याला काय दाखवले व काय झाकले? हा प्रश्न विचारला की वुल्फ यांच्या कादंबरीला वसाहतवादी म्हणून निकालात काढता येत नाही, आणि तिला ग्रामजीवनाचे संपूर्ण चित्रही म्हणता येत नाही. एका कचेरीला गावाचा जेवढा विनाश ठाऊक असू शकतो, तेवढा ती पूर्ण प्रामाणिकपणे सांगते.