अकराव्या पायरीवरून

परलोकाचा नकाशा काढावा तो खेळ रचणाऱ्यांनीच, असं वाटावं इतकं काम आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, खेळांनी गेल्या पन्नास वर्षांत केलं आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा पात्राला तीनच बाजू होत्या: सुव्यवस्था, तटस्थता आणि अंदाधुंदी. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आलेली ही वाटणी. पुढे तिला चांगलं-वाईट ही दुसरी मोजपट्टी जोडली गेली आणि नऊ घरांचा चौकोन तयार झाला. त्यालाच खेळाडू अलाइनमेंट म्हणतात. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात या चौकोनाभोवती सोळा परलोक मांडलेले दिसतात. शिस्तीच्या सज्जनांचा स्वर्ग एका टोकाला, तर बेबंद दुष्टांचं अथांग पाताळ बरोबर त्याच्या समोर. जशी वृत्ती, तसा लोक.

रचना देखणी आहे, यात शंका नाही. पण तिच्यात एक खोट पहिल्यापासून राहिली. त्या काळच्या नियमांत पात्राची वृत्ती बदलली की त्याने कमावलेली एक पातळी कापली जायची. बदल म्हणजे दंड! माणूस घडतो, बिघडतो, पुन्हा सावरतो हीच तर गोष्टीची खरी सामग्री, आणि खेळ तिलाच गुन्हा ठरवत होता. लोक अफाट, वाटसरू मात्र होता तिथेच.

या परंपरेतलं सर्वांत मोलाचं काम मला १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मध्ये दिसतं. डेव्हिड कुक यांनी त्यात वेशीवरची गावं रचली. प्रत्येक गाव एका परलोकाच्या दाराशी वसलेलं. गावकऱ्यांची मनं त्या लोकाच्या वृत्तीकडे फारच झुकली, की अख्खं गाव जमिनीसकट तिकडे सरकून जातं. म्हणजे भूगोल माणसांच्या वागण्यावर उभा आहे. इतकी जिवंत कल्पना हाती आल्यावर ती पुढे न्यायला हवी होती. त्याऐवजी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत परलोकांचं चक्र मोडलं आणि नऊ वृत्तींच्या पाचच उरल्या. २०१४ मध्ये दोन्ही परत आलं, पण वृत्तीला नियमांत फारसं काम उरलं नाही. पात्राच्या कागदावर दोन अक्षरं लिहायची, एवढंच. आज ही कला अडली आहे ती इथे.

मी हे मालेगाव तालुक्याच्या संदर्भात लिहितो आहे, त्याला कारण आहे. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या याच तालुक्यात शिरपूर जैन आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. त्या श्रद्धेमागे एक पूर्ण विश्वरचना उभी आहे. चौदा रज्जू उंचीचा लोकाकाश, खाली सात नरक, मध्ये जंबूद्वीप आणि मेरू, वर स्वर्गांचे थर आणि माथ्यावर सिद्धशिला. कर्म हे जीवाला चिकटलेलं ओझं. ते झडलं की जीव आपोआप वर जातो, त्याला कुणी उचलावं लागत नाही.

आणि वृत्तीचं काय? तिच्यासाठी लेश्या आहेत: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. जांभळाच्या झाडाची गोष्ट जैन घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. सहा भुकेले वाटसरू. एकाला झाड मुळापासून तोडायचं आहे, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस. पाचवा फक्त पिकली फळं तोडू म्हणतो, आणि सहावा खाली पडलेली वेचून खातो. भूक सगळ्यांची एकच आहे, फरक आहे तो दुसऱ्याला किती इजा करायची यात. नऊ घरांच्या चौकोनात ही बारकाई मला कुठे सापडत नाही. शिवाय लेश्या जन्मभराचा शिक्का नव्हे, ती माणसाच्या भावांबरोबर बदलते. नरकांच्या आणि स्वर्गांच्या थरांनाही त्या त्या लेश्या लावलेल्या आहेत. वृत्ती आणि लोक यांची सांगड इथेही आहे, पण ती हलती आहे.

याच विचारातून ज्ञानबाजीचे, म्हणजे साप आणि शिड्यांच्या खेळाचे, पट निघाले. जैन पट बहुधा ८४ घरांचे, वैष्णवांचा एक प्रसिद्ध पट ७२ घरांचा. महाराष्ट्रात मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला असं परंपरा सांगते. पुण्याचे वा. ल. मंजुळ यांनी मोक्षपटाच्या जुन्या पटांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. डेन्मार्कच्या याकोब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या या खेळावर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली प्रबंध पूर्ण केला.

हरीश जोहरी यांनी पुस्तकरूपाने पुढे आणलेला ७२ घरांचा पट समोर घेऊन बसावं. नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी, नागमोडी चाल. मधल्या उभ्या रांगेत ५ वर भूलोक, १४ वर भुवर्लोक, २३ वर स्वर्लोक, असं चढत ६८ वर वैकुंठ. जणू मेरूच उभा केला आहे. ५४ वर भक्ती, तिची शिडी थेट वैकुंठाला. तिच्या अगदी डोक्यावर ५५ वर अहंकार, आणि त्याचा साप थेट ३ वरच्या क्रोधापर्यंत. एका कवडीचा फरक! १७ वर दया, तिची शिडी ६९ वर ब्रह्मलोकाला नेते, म्हणजे वैकुंठाच्या एक घर पुढे. तिथून सुटका नाही. ७२ वरच्या तमोगुणापर्यंत जायचं, सापाबरोबर ५१ वर पृथ्वीला उतरायचं आणि पुन्हा चढायचं. दयेने स्वर्गसुख मिळतं पण मोक्ष नाही, हे एवढं तत्त्वज्ञान एका शिडीच्या टोकात सांगणारा रचनाकार थोर म्हटला पाहिजे.

पटाची उणीवही तितकीच मोठी आहे. इथे निवड नाही, सगळं कवड्यांच्या दानावर. अहंकार केला म्हणून नव्हे, पडलो म्हणून साप गिळतो. निवडीचं सामर्थ्य आरपीजीकडे आहे. त्यामुळे आपल्याकडच्या आजच्या रचनाकारांकडून अपेक्षा वाढते आणि तिथेच निराशा होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ डोळ्यांचं पारणं फेडतो. त्यातली भित्तिचित्रं, त्यात गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, हे सारं मन लावून केलेलं आहे. तो मारामारीचा खेळ आहे, आरपीजी नव्हे, हे मान्य. तरी त्यात देवलोक ही पार्श्वभूमीच राहते, नायिकेच्या वृत्तीवर काहीच अवलंबून नसतं. २०१३ चा ‘ॲरोज ऑफ इंद्र’ हा परदेशी आरपीजी भारतीय पुराणांवर उभा आहे, पण हाडं जुन्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चीच. नावं आपली, यंत्रणा त्यांची.

यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. जैन दर्शनातल्या चौदा गुणस्थानांच्या पायऱ्या घ्या. दहाव्या पायरीपर्यंत आलेल्या साधकापुढे दोन मार्ग असतात. कषाय, म्हणजे रागासारखे विकार, नुसते दाबत आला असेल तर तो अकराव्यावर पोहोचतो, तिथे क्षणभर पूर्ण शांत होतो आणि तिथून पडतोच, कधी कधी थेट पहिल्या पायरीपर्यंत. कषाय मुळापासून संपवत आला असेल तर अकरावी त्याच्या वाटेत येतच नाही. दहाव्यावरून तो बाराव्यावर जातो, आणि तिथून पतन नाही. हा नियम खेळात आणायचा तर प्रत्येक प्रसंगात खेळाडूला विचारावं लागेल: राग गिळलास की संपवलास? गिळणं स्वस्त आणि झटपट असावं, संपवणं महाग आणि संथ. दाबलेल्या रागांचा हिशेब खेळ चालवणाऱ्याने गुपचूप ठेवावा आणि तो अकराव्या पायरीवर उघडावा.