अफूचे घर आणि आपले घर

थायलंडच्या अगदी उत्तर टोकाला, रुआक नदी जेथे मेकाँगला मिळते, त्या सोप रुआक गावी ‘हाउस ऑफ ओपियम’ नावाचे एक छोटे संग्रहालय आहे. समोर मेकाँगचे गढूळ पात्र, पलीकडे लाओस, डाव्या हाताला म्यानमार. हाच तो ‘सुवर्ण त्रिकोण’. संग्रहालय तासाभरात पाहून होते. पण इंदुरात वाढलेल्या माणसाच्या मनातून ते इतक्या लवकर जात नाही.

बोंडाला चिरा देण्याची पाती, अफू ओढण्याच्या नक्षीदार नळ्या, डोके टेकण्याच्या उशा, लहान तराजू आणि हंस, हत्ती अशा आकारांची वजने येथे मांडली आहेत. वजने हे या संग्रहाचे वैभव, आणि त्याची उणीवही तेथेच. वस्तू इतक्या देखण्या आहेत, की त्यांनी काय तोलले याचा विसर पडतो. डोंगरातल्या शेतकऱ्याला अफू हे नाशवंत नसलेले, हलके आणि हमखास विकले जाणारे पीक होते. दुखण्याखुपण्यावरचे औषधही तेच. थायलंडमध्ये 1959 साली अफूवर पूर्ण बंदी आली, 1969 पासून राजप्रकल्पाने फळे, भाज्या, कॉफी यांचा पर्याय उभा केला. या स्थित्यंतराचे माणसाला पडलेले मोल वजनांच्या ओळीतून कळत नाही. जवळच मे फा लुआंग प्रतिष्ठानाचे भव्य ‘हॉल ऑफ ओपियम’ आहे. तेथे चीनच्या अफू-युद्धांपर्यंतचा इतिहास शिस्तीने सांगितला आहे, मात्र प्रेक्षकाचे बोट धरून त्याला ठरलेल्या बोधापर्यंत नेले जाते. लहान संग्रहालय बोध करीत नाही. विचार आपल्यावर सोडते. मला तेच अधिक भावले.

कारण एका तराजूपाशी मी थबकलो. तसाच पितळी तराजू आमच्या वाड्याच्या माळ्यावर होता. आजी म्हणे, “सोन्याचा आहे.” सोने तोलण्याइतके आमच्या घरी कधी होते, हे कोणी विचारले नाही.

एकोणिसाव्या शतकात चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा भाग माळव्याचा होता. बंगालमध्ये कंपनीची मक्तेदारी होती. होळकर-शिंद्यांच्या मुलखात तिला ती बसवता आली नाही. माल दमणमार्गे निसटे. जमशेटजी जीजीभॉय आणि मूळचे गोमंतकीय रोजेरियो द फारिया यांनी या व्यापारात हात घातला. 1843 मध्ये सिंध इंग्रजांनी घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि मुंबईचा जकातनाका भरभराटीला आला. माळव्यातील सावकारी, दलाली, वाडे यांतला किती पैसा या बोंडांतून आला, याचा हिशेब आपण मांडत नाही. आपल्या घराण्यांच्या इतिहासांत स्वाऱ्या आणि सनदा असतात, अफू नसते.

वनस्पतीला मात्र दोष देता येत नाही. दिवाळीच्या अनारशांवरची खसखस तिचेच बी. मुलाला निजवणारी ‘बाळगोळी’ही तिच्याच चिकाची. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टर देतात ते मॉर्फिनही तिचेच. आजही मंदसौर-नीमचच्या शेतांत परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि ज्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडून हे परवाने मिळतात त्याचे मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरलाच आहे.

सोप रुआकच्या संग्रहालयाचा विषय त्याच्या प्रदेशापुरता. त्याने माळव्याची कथा सांगावी, ही अपेक्षा अन्यायाची. ती सांगण्याचे काम आपले. जुन्या घरांतील वह्या, हुंड्या, तराजू रद्दीत आणि मोडीत जात आहेत. आपल्या संस्थांनी एखादी खोली त्यांच्यासाठी राखावी आणि तेथे अभिमानाबरोबर हिशेबही मांडावा. आमचा तराजू देण्यास मी तयार आहे, अर्थात तो कोणी अद्याप विकला नसेल तर.