प्रतिपिंड असे रांगेत उभे राहत नाहीत

जैवसंवेदकांवरील लेखांत एक आकृती हमखास भेटते. सिलिकॉनच्या पट्टीवर इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे प्रतिपिंड, कवायतीला उभे राहिल्यासारखे, हात वर करून. वरून येणारा रेणू अलगद त्यांच्या हातात पडतो आणि लगेच विजेचा संदेश मिळतो. ठरावीक प्रतिपिंड ठरावीक रेणूच पकडतो, हे या आकृतीतून चांगले कळते. पण खरी अडचण कोठे आहे, तेच ती लपवते, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट जोडणीची. सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावरील हायड्रॉक्सिल गटांना आधी सिलेन जातीचा रेणू जोडतात. त्याच्या अमिनो टोकाला ग्लुटाराल्डिहाइड आणि त्याला प्रथिनातील लायसीन, अशी ही साखळी. परंतु लायसीन प्रतिपिंडाच्या अंगभर विखुरलेले असते. म्हणून कोणी उभा राहतो, कोणी आडवा पडतो, तर कोणी हातांवर उलटा. ज्याचे हातच पृष्ठाला जखडले, तो काय पकडणार? शिवाय मधल्या मोकळ्या जागी रक्तातील भलतीच प्रथिने चिकटतात. ती जागा आधी अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाने भरून टाकावी लागते.

दुसरी गोष्ट मापाची. १९७० साली नेदरलँड्समध्ये पीट बर्गव्हेल्ड यांनी द्रवातील आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर मांडला. पृष्ठावरील विद्युतभार बदलला की त्यातील प्रवाह बदलतो. पण रक्तातील क्षारांचे आयन पकडलेल्या रेणूच्या भाराला वेढून झाकतात. तेथे एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर भाराचा प्रभाव बराचसा ओसरतो, आणि प्रतिपिंडाची लांबी तर १० ते १५ नॅनोमीटर! २००५ साली हार्वर्डमधील चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारांनी कर्करोगाची सूचक प्रथिने ओळखली, तेव्हा रक्तद्रवातील क्षार आधी काढून टाकावे लागले होते.

शिक्षकांनी ही आकृती फळ्यावर एका नॅनोमीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात काढून पाहावी. प्रतिपिंड वीतभर होईल, आणि संवेदकाची 'नजर' जेमतेम पाऊण सेंटिमीटर! मग 'रक्ताच्या एका थेंबात सर्व रोगांचे निदान' असा मथळा वाचल्यावर विद्यार्थी विचारतील, "क्षारांचे काय केले? प्रथिन कोणत्या बाजूने जोडले?" हे प्रश्न वर्गात उमटावेत, एवढ्यासाठी तरी ती सुबक आकृती बदलायला हवी.