जिव्हाळीला लागेल

लहानपणी आजी आमची नखं ब्लेडनं काढायची. ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसायचं, बोट तिच्या चिमटीत, आणि जरा हललं की दटावणी: "हलू नकोस, जिव्हाळीला लागेल." नखाखालचं ते गुलाबी, हुळहुळं मांस म्हणजे जिव्हाळी. तिच्यापुढं वाढलेलं नख कितीही कापा, काही कळत नाही. जिव्हाळीला पातं टेकलं की कळ थेट मस्तकात. ‘जिव्हाळा’ हा शब्द मी पुढं पुस्तकांत वाचला, पण तो कुठं असतो हे त्या ब्लेडनं आधीच सांगून ठेवलं होतं.

पुष्कळांना वाटतं, हा शब्द ‘जिव्हा’वरून आला. नाही. तो जिवाच्या घरचा. ‘जिव्हार’ त्याचा सख्खा भाऊ. गोडबोल्या माणसाकडं जिव्हाळा औषधालाही नसतो आणि एखाद्या फटकळ मावशीकडं तो रांजणभर सापडतो, ते उगाच नाही.

त्याचं व्याकरणही पाहण्यासारखं आहे. प्रेम करता येतं, लळा लावता येतो, आपुलकी दाखवता येते. साड्यांच्या दुकानात ती भरपूर दाखवतात. जिव्हाळा मात्र करता येत नाही. ‘मी तिच्यावर जिव्हाळा करतो’ म्हणून पाहा, दाताखाली खडा येतो. ‘मला तिच्याविषयी जिव्हाळा वाटतो’ असंच म्हणावं लागतं. म्हणजे ‘मी’ला गादीवरून उठवून ‘मला’ करून बाजूला बसवलं. जिव्हाळा वाटतो, असतो. आणि आटतो.

आटतो हे पाण्याचं क्रियापद. विहिरीला आतून पाझरणाऱ्या जिवंत झऱ्यालाही जिव्हाळाच म्हणत. विहिरीला जिव्हाळा आहे, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी नव्हे, खालून लागलेलं. वैशाखात विहिरीचा गाळ काढताना मी हे काठावरून पाहिलंय. दोन दिवस नुसता काळा चिखल वर येत होता, टोपल्यामागून टोपल्या. मग तळातल्या माणसानं कपारीतला दगड पहारीनं हलवला आणि तिथं बोटभर ओल दिसली. त्यानं वर हाकसुद्धा मारली नाही. तळवा कपारीला लावून नुसता उभा राहिला.

मराठी माणसाच्या मायेचे शब्द असे भिजलेलेच: ओलावा, पाझर, उमाळा. आणि माया संपली की आपण काय म्हणतो? ‘अगदी कोरडं बोलला.’ दुष्काळ पाहिलेल्या मुलखाची ही भाषा.

‘शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न’ हे वर्तमानपत्री पालुपद मला पूर्वी खुपायचं. कांद्याच्या भावात कसला आलाय जिव्हाळा! आता वाटतं, नखाखालची जिव्हाळी आठवली तर तो प्रयोग अगदी नेमका आहे. त्यापेक्षा बंगल्यांच्या फाटकांवर, संगमरवरी पाटीवर कोरलेला ‘जिव्हाळा’ जरा जास्त खुपतो.

‘जिव्हाळा’ नावाचा एक मराठी चित्रपटही आला होता, 1968 साली. चिमण्यांना तिन्हीसांजेला घरी परत बोलावणारं त्यातलं गाणं गदिमांचं, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज लता मंगेशकरांचा. अंधार, अवेळ, आईपासून दूर गेलेली पिल्लं, हे सगळं त्यात येतं, पण मी थांबतो ते एका साध्या तक्रारीपाशी. मुलांचा गलका अवतीभवती नसला तर हातातल्या कामाला उरक येत नाही, असं त्यातली आई म्हणते. खरं तर गलक्यानं काम अडतं. घरोघरच्या आया दिवसभर तेच तर ओरडत असतात. इथं मात्र घर शांत आहे आणि तिचं काम पुढं सरकत नाही. गदिमांनी शब्द निवडलाय तोही ‘उरक’, भांड्याकुंड्यांतला. आठवण येते, जीव तुटतो, यातलं काही ती त्या ओळींत बोलत नाही. फक्त काम उरकत नाही म्हणते.