गाण्याचा विक्रय आणि गाण्याचे श्रवण: नवी मुंबईतील आगरी-कोळी गीतांच्या संदर्भात

संगीताचे प्रसारसाधन बदलले म्हणजे गाणाऱ्याची मिळकत बदलते, ही गोष्ट उघड आहे. त्याबरोबर गाण्याचा घाटही बदलतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ज्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवली, त्या घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, बेलापूर यांसारख्या गावांतील आगरी व कोळी गीते या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. ही गीते पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रित करणारे अनेक कलावंत कोणत्याही मोठ्या कंपनीशी बांधलेले नाहीत.

डाउनलोडचा काळ हा स्वतंत्र कलावंतांचा सुवर्णकाळ होता, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. युरोप-अमेरिकेपुरता त्यात काही अर्थ असेल. येथे तो लागू पडत नाही. फ्लिपकार्टचे ‘फ्लाइट’ हे गाणी विकणारे दालन फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद पडले. ॲपलचे आयट्यून्स दालन भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आले, पण सर्वसामान्य श्रोता तिकडे फिरकला नाही. त्याचे डाउनलोड म्हणजे मोबाइलच्या दुकानात थोडे पैसे टाकून मेमरी कार्डात भरून घेतलेली शेकडो गाणी! त्या पैशांतील छदामही गायकाकडे जात नसे. तेव्हा गेलेल्या वैभवाबद्दल हळहळण्याचे येथे कारण नाही. तथापि डाउनलोडच्या कल्पनेत एक तत्त्व होते. गाणे ही वस्तू होती. तिला किंमत होती. आणि घेणाऱ्याने दिलेला पैसा, मध्यस्थाचा हिस्सा वजा जाता, त्याच गाण्याच्या कर्त्याकडे जावयाचा होता.

स्ट्रीमिंगने हे तत्त्वच बाजूस सारले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त डेटा गावोगावी पोहोचला; या उद्योगाचे विस्तीर्ण आवार घणसोलीतच आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी स्पॉटिफाय भारतात आले तेव्हा त्याची मासिक वर्गणी ११९ रुपये होती. दिवाळ्याच्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर केवळ आपल्याच गावच्या गायकाची गाणी ऐकली, तरी ती वर्गणी त्या गायकाला मिळत नाही. ती सामाईक निधीत पडते, आणि एकूण श्रवणांत त्या गायकाचा जेवढा वाटा, तेवढाच अंश त्याच्याकडे येतो. त्यात २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे न झालेल्या गाण्यास या निधीतून काहीही न देण्याचा नियम लागू झाला आहे.

या मोजणीत हळदीच्या गाण्याची विशेष कुचंबणा होते. हे गाणे एकट्याने कानाला यंत्र लावून ऐकावयाचे नसते. हळदीच्या रात्री मांडवात शेकडो माणसे एकाच गाण्यावर नाचतात. हिशेबात ते एक श्रवण ठरते, आणि बेंजोवाल्यांनी तेच गाणे वाजवले तर तेवढेही नाही. शिवाय त्याचा हंगाम लग्नसराईचा आणि प्रदेश उरण-पनवेलपासून ठाणे-भिवंडीपर्यंतचा. समूहाच्या उपभोगासाठी जन्मलेल्या कलेला व्यक्तीच्या उपभोगाचे माप लावले, तर ती तोकडी दिसणारच.

घाटाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. तीस सेकंद ऐकले म्हणजे स्पॉटिफायवर एक श्रवण पुरे होते, आणि तीन मिनिटांच्या गाण्यास व अर्ध्या तासाच्या गाण्यास मोल सारखेच. त्यामुळे ध्रुवपद आरंभीच आणावे, कडवी कमी करावीत, ठेका पहिल्याच मात्रेपासून धरावा, हा मोह रचनाकारास होणे स्वाभाविक आहे. कोळीगीताची उसळती चाल हा फेरफार सहज पेलते. धवलारीण मात्र विवाहविधीच्या एकेका टप्प्यावर जे धवले म्हणते, त्यांची संथ, पुनरुक्तिप्रधान लय या मापात बसत नाही. पुनरुक्ती हाच तर त्या गायनाचा प्राण आहे. यूट्यूबवर गाणे किती वेळ पाहिले गेले यालाही महत्त्व असल्याने तेथे दीर्घ रचनेस थोडी जागा उरते, एवढेच.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, स्ट्रीमिंगमधून पैसा न मिळाला तरी प्रसिद्धी मिळते, आणि प्रसिद्धीतून कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येतात. हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. सुपारी येते ती गायकाला. गीत लिहिणारा आणि चाल बांधणारा मंचावर उभा राहत नाही, त्यामुळे गाणे हे कार्यक्रमाचे आमंत्रण ठरले की त्याचा मेहनताना एकरकमी बिदागीवरच थांबतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाच्या समान वाट्याचा हक्क दिला आहे. पण तो वसूल होण्यासाठी आयपीआरएससारख्या संस्थेचे सभासदत्व, कृतीची नोंदणी आणि लेखी करार लागतात. तोंडी बोलीवर चालणाऱ्या व्यवहारात ही कागदपत्रे निघत नाहीत.

साउंडक्लाउडने २०२१ मध्ये श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटण्याची पद्धत आणली. दिवाळ्याच्या त्या श्रोत्यापुरता हा न्याय योग्य होईल. फुकट ऐकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र वाटावयास जाहिरातीचा तुटपुंजा पैसाच उरतो. शिवाय धवल्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. परंपरेने आलेल्या त्या गीताचे ध्वनिमुद्रण सेवेवर चढवताना कलावंताच्या रकान्यात एक नाव भरावेच लागते. ते गाणाऱ्या धवलारणीचे, की यंत्र घेऊन आलेल्या निर्मात्याचे, हे चढवणाराच ठरवतो, आणि पुढचा सारा हिशेब त्या एका नावावर चालतो.