कान तुटलेला कप

दलित साहित्यात पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. 1927 च्या चवदार तळ्यापासून गावोगावच्या पाणवठ्यांपर्यंत पाण्याचा सारा इतिहास आपल्या समीक्षेने तपासला. चहा मात्र या विचारातून निसटला. ज्या चिनी मातीच्या कपबशीतून तो आपल्या माणसांना दिला गेला, तिचा स्वतंत्र विचार निदान माझ्या तरी वाचनात आलेला नाही. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु अस्पृश्यता जेवढी पोथ्यांत राहते त्याहून अधिक ती भांड्यांच्या फळीवर राहते, असे मला वाटते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) चहाच्या दुकानात अस्पृश्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. त्याविरुद्ध पोरे पोलिसांत तक्रार घेऊन जातात. हा भाग वर्गात शिकवताना मी कायदाही सांगतो. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्यात सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून वापरू न देणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवलेला आहे. कायदा लिहिणाऱ्यांना भांड्याचे महत्त्व कळले होते. एकदा हे सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हॉटेलातला कप कायद्याने एक केला. घरातल्या कपाचे काय?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

घरातल्या कपाकडे वळण्याआधी चिनी माती ही काय वस्तू आहे ते पाहिले पाहिजे. मातीचे भांडे विटाळले तर टाकून द्यायचे, धातूचे घासून-तापवून शुद्ध करायचे, हा धर्मशास्त्राचा दंडक. चिनी माती या दोहोंत नीट बसेना. ती तेराशे अंशांच्या आसपास भाजली जाते, वर काचेसारखा लेप चढतो आणि मग ती थेंबभरही शोषत नाही. विसळली की स्वच्छ. पण नावात माती आली, तेव्हा सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तिला थारा मिळणे कठीण झाले. परक्याला चहा द्यायला मात्र ती सोयीची ठरली. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींनी चहा घेतला तेव्हा केवढे ग्रामण्य झाले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. टिळकांचा जन्म याच रत्नागिरीतला. त्या चहावर मराठीत किती शाई खर्ची पडली आहे. पुढे आमच्या कोकणात खोतांच्या पडवीत, वळचणीला जे कप खोचले गेले, त्यांचे ग्रामण्य कुणी केले नाही.

याच शहरात सावरकरांच्या पुढाकाराने 1931 साली पतितपावन मंदिर उघडले आणि 1933 साली अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. तेथे सर्व जातींच्या हिंदूंना बरोबरीने चहा मिळे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पंगतीची सीमा 'अखिल हिंदू' या नावातच आखलेली होती. या शहरातल्या मुसलमानाने कुठे चहा प्यावा, हा प्रश्न ते नाव घेतच नव्हते. शिवाय ते उपाहारगृह होते, घर नव्हे.

घराविषयी ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (2003) अधिक सांगते. याच जिल्ह्यातली आई बांबूची सुपे-टोपल्या विणते. ती पोचवायला गेलेल्या मुलीकडून घेताना बाया त्या आयदानांवर पाणी शिंपडतात, पैसे वरून टाकतात. म्हणजे आपण घडवलेली वस्तू पाणी शिंपडले की सवर्ण घरात शिरते, पण आपण प्यालेला कप आत जात नाही. हात चालतात, ओठ चालत नाहीत. आणि आता पांढरपेशा घरांच्या शोकेसमध्ये मिरवणारी बोन चायना घ्या. तिच्यात जवळजवळ निम्मी राख असते, ती हाडांची, मुख्यतः गुराढोरांच्या हाडांची. मेलेले ढोर ओढले म्हणून ज्यांना शिवले जात नव्हते, त्यांच्या नातवाला कुणी त्या कपातून चहा द्यावा की न द्यावा याचा विचार करते, हा विनोद मला एकट्याला तरी हसवतो.

मध्यंतरी एका सहकाऱ्याकडे गेलो होतो. घरची सगळी माणसे स्टीलच्या पेल्यांतून चहा पीत होती. आधीपासून बसलेले त्यांचे दोन स्नेहीही. मला तेवढा सोनेरी काठाचा चिनी मातीचा कप आला. तो पाहुणा म्हणून दिलेला मान होता की वेगळा काढलेला कप? मी तिथे बसून याचा निकाल लावू शकलो नाही, आजही लावू शकत नाही. त्या माणसावर मी आरोप करीत नाही. पण वळचणीचा कप निदान प्रामाणिक होता. त्याचा अर्थ आईला कळत असे. या कपाचा अर्थ मला कळत नाही, आणि आपल्या साहित्याने लिहायची गोष्ट ती हीच आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपली बहुतेक आत्मकथने वळचणीच्या कपाची साक्ष देतात, शोकेसपाशी मात्र त्यांची लेखणी आखडते. 'आयदान' शहरातल्या घरात, नोकरीत, नवऱ्याच्या अहंकारात शिरते, म्हणून त्याचे मोल मी अधिक मानतो. पण आपण स्वतः विकत घेतलेले कप कुणासाठी ठेवतो, हे कोण लिहिणार? माझ्या घरी सहा कपांचा एक संच आहे. पहिल्या वर्षीच्या पगारातून आणलेला. तो निघतो केव्हा? प्राध्यापक मंडळी आली म्हणजे. वस्तीतली माणसे आली तर स्टीलचे पेले. म्हणजे ज्यांच्या घरी आमच्यासाठी फुटका कप होता त्यांच्यासाठी चांगला कप, आणि आपल्या माणसाला रोजचे भांडे. हे लिहिताना मला लाज वाटते. 'नकार' आणि 'विद्रोह' हे शब्द मी वर्गात किती वेळा उच्चारले असतील!

आई लहानपणी खोताकडे भात झोडायला जाई. खोती नष्ट करणारा कायदा 1949 सालचा, पण तिच्या बोलण्यात खोत अजून खोतच आहे. तिथला कप कान तुटलेला होता, असे ती सांगते. गरम चहा आला की तो धरता येत नसे, म्हणून पदराच्या टोकाने धरायचा. पिऊन झाला की आपणच विसळून वळचणीला उपडा घालायचा.

गेल्या महिन्यात संचातला एक कप काढून मी तिला चहा दिला. "फुटला तर?" एवढेच म्हणाली. मग पदराचे टोक घेऊन तिने तो धरला. त्याला कान असूनही. पिऊन झाल्यावर मी हात पुढे केला तर दिला नाही. स्वतः मोरीत जाऊन विसळला आणि भांड्यांच्या फळीवर जागा असताना मागल्या खिडकीच्या कडेला, बाहेरच्या बाजूला, उपडा घातला.