मूकपटाचा साहसनायक आणि तंबूतला प्रेक्षक

इ. स. १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या बाह्यचित्रणासाठी दादासाहेब फाळके यांची नटमंडळी ठाणे जिल्ह्यातील वांगणी या गावी उतरली, तेव्हा त्यांच्या ढाली-तलवारी, दाढीमिशा आणि राजेशाही पोशाख पाहून दरोडेखोरांची टोळी आली अशी गावकऱ्यांची खात्री झाली, वर्दी गेली, आणि फौजदाराने सर्वांना अटकेत ठेवले. मागाहून फाळके स्वतः आले, हे सारे सोंग आहे आणि या पेटीने त्याचे चित्र घ्यावयाचे आहे असे त्यांनी समजावून दिले, तेव्हा कोठे मंडळींची सुटका झाली, अशी हकीकत सांगतात. चित्रपटाच्या इतिहासात ही हकीकत एक गंमत म्हणून येते आणि पुढच्या परिच्छेदात विसरली जाते. मला मात्र तीत एका मोठ्या प्रश्नाचे मूळ दिसते. वांगणीच्या लोकांनी त्या नटांच्या तोंडचे नाटकातले एक वाक्यही ऐकले नव्हते. देहाची ठेवण, तलवारीवरची मूठ आणि चालण्यातली ऐट एवढ्यावरूनच त्यांनी त्यांना खरे मानले. पुढे जवळजवळ वीस वर्षे आपला मूकपट चालला तो याच विश्वासाच्या बळावर, आणि आमच्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीतल्या ज्या माणसांना पडद्यावरच्या पाटीतले अक्षर लागत नव्हते, तीच त्या कलेची खरी पारखी होती, असे माझे मत आहे.

आपली चित्रपटसमीक्षा नाट्यसमीक्षेच्या पोटी जन्मली. संवादाची धार, पदाची चाल, कथेतला बोध यांची तिला उत्तम जाण होती, आणि 'संत तुकाराम'सारख्या बोलपटाची थोरवी तिने ओळखली हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या नटाने एकही शब्द न उच्चारता घोड्यावरून तटावर, तटावरून झाडावर आणि झाडावरून शत्रूच्या अंगावर झेप घेतली, त्याच्यासाठी तिच्याजवळ 'मारधाड' या एका शब्दावाचून दुसरा शब्द नव्हता. हा शब्द एकदा उच्चारला की विचार संपतो. एका अख्ख्या अभिनयपरंपरेची दप्तरातील नोंद अशी एका शब्दात संपली, ही या क्षेत्रातली मोठी हानी होय.

या परंपरेचा एक प्रवाह परदेशातून आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत भागाभागांनी दाखविले जाणारे चित्रपट निघू लागले होते. दर आठवड्यास एक भाग, आणि प्रत्येक भागाचा शेवट नायक वा नायिका मृत्यूच्या दाढेत असताना. पर्ल व्हाइट ही अभिनेत्री 'पेरिल्स ऑफ पॉलिन' या १९१४ च्या मालिकेने जगभर गाजली. सर्कशीतून आलेला एडी पोलो १९१५ च्या 'ब्रोकन कॉइन' या बावीस भागांच्या मालिकेतून पुढे आला. आणि पडद्यावरचा पहिला प्रौढ टारझन एल्मो लिंकन यानेही अशाच मालिकांतून नाव मिळविले. मुंबई इलाख्यात या मालिकांना इतका लोकाश्रय होता की, १९२७-२८ साली टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चित्रपटविषयक चौकशी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढील कामकाजातही पोलो आणि लिंकन यांच्या लोकप्रियतेचा उल्लेख आला. आपल्याकडे मालिकेचा हा घाट प्रथम हाताळला तो श्रीनाथ पाटणकर यांनी, १९१८ च्या 'राम वनवास' या अनेक भागांच्या चित्रपटात. विषय रामायणाचा निवडला, हे मोठे मर्मज्ञपणाचे लक्षण होय. कारण 'उद्या पुढे काय होणार' ही उत्कंठा आपल्या माणसाला अमेरिकेकडून शिकावयाची नव्हती. कथेचा शेवट ठाऊक असूनही रात्रीमागून रात्र जागून तिचा पुढला भाग ऐकण्याची सवय त्याला हरिदासाने आणि पुराणिकाने केव्हाच लावली होती.

आमच्या मुलखात तर ही सवय याहूनही जुन्या आणि सखोल रूपात नांदत होती. जव्हार-मोखाड्याच्या आणि शहापूरकडील डोंगराळ गावांतून होळीनंतरच्या दिवसांत जो बोहाडा होतो, तो ज्याने एकदा पाहिला असेल त्याला माझे म्हणणे विस्ताराने सांगावे लागणार नाही. संबळ आणि पिपाणी यांच्या ठेक्यावर एकामागून एक सोंग येते: गणपती येतो, शारदा येते, मारुती, नरसिंह, त्राटिका, दहा तोंडांचा रावण येतो, मुखवट्याआडचा नट काही बोलत नाही, बोलण्याची सोयच नसते, आणि तरीही रावणाचा मद खांद्यांतून, त्राटिकेचा क्रोध टाचांतून आणि देवीचा आवेश मानेच्या एका हिसक्यातून शेवटच्या ओळीतल्या पोरापर्यंत पोचतो. अमुक सोंग अमुक घराण्यानेच नाचवावयाचे असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, त्यामुळे प्रेक्षकांत बसलेले म्हातारे आजच्या रावणाची चाल त्याच्या बापाच्या चालीशी ताडून पाहतात. याहून कडक समीक्षा मी कोणत्याही मासिकात वाचलेली नाही. चेहरा मुखवट्याने झाकलेला असता नुसत्या देहावरून नटाची प्रत ठरविणारा हा प्रेक्षक जेव्हा मूकपटासमोर बसला, तेव्हा तो अडाणी म्हणून बसला नव्हता.

तो कोठे बसला, हेही सांगितले पाहिजे. पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसे येथे जी जत्रा भरते, तीत गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, कुस्तीचे फड आणि डोंबाऱ्याचे खेळ यांच्या जोडीला सिनेमाचा तंबू असे, असे मी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून सामान यावयाचे ते सडकेने. शहापूरला आसनगावचे स्टेशन जवळ, म्हणून तिकडे पेट्या आगगाडीने उतरत. ज्या लोहमार्गाने फाळक्यांचे चित्रपट नाशकाहून मुंबईकडे जात, तो कसाऱ्याचा घाट उतरून आमच्याच शिवारातून जातो. मूकपटांच्या तंबूंतून पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखविणारा एक माणूस उभा असे, पेटीवाला आणि तबलजी असत, आणि यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर काळोख पडे. मालिकेतला तो टांगून ठेवणारा शेवट अमेरिकेत आठवड्यातून एकदा येत असेल; तंबूत तो दर पंधरा मिनिटांनी येत असे.

मालिकांतल्या या साहसनायकाचा आपल्याकडील सर्वांत निकटचा आणि सर्वांत समर्थ वारस म्हणजे मास्टर विठ्ठल. हा कोल्हापूरचा, लहानपणी नाटक मंडळीत उभा राहिलेला, पुढे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रफितींच्या जोडणीचे काम करता करता १९२४ च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटात नर्तकीच्या वेषात पडद्यावर आलेला. या दोन गोष्टींकडे चरित्रकार तपशील म्हणून पाहतात. मी त्यांना त्याच्या कलेची किल्ली समजतो. ज्याने फीत हातात धरून कोठे कापावी आणि कोठे जोडावी हे शिकले आहे, त्याला आपल्या झेपेचा कोणता क्षण पडद्यावर राहणार आणि कोणता जाणार, याचे ज्ञान आपोआप होते. आणि ज्याने स्त्रीवेषात नृत्य केले आहे, त्याच्या तलवारीच्या हाताला लय असते. अण्णा साळुंके यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या होत्या. त्या पिढीतल्या नटाचा देह अशा रीतीने दोन्ही प्रकृतींत तयार झालेला असे, आणि नुसत्या बळाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या नंतरच्या अनेक मल्लनायकांत हीच गोष्ट नव्हती.

मुंबईत १९२५ साली भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी काढली आणि विठ्ठलचे भाग्य उदयास आले. 'बाजीराव मस्तानी', 'रतन मंजरी' अशा चित्रपटांतून त्याने जो नायक उभा केला, त्याला वृत्तपत्रांनी हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हटले. ही उपमा गौरवाची असली तरी अपुरी आहे. फेअरबँक्सच्या साहसात एका सुखी, निरोगी माणसाचा खेळकरपणा असतो. शारदा कंपनीच्या कथांतला नायक मात्र बहुधा राज्य हिरावलेला, वेष पालटून फिरणारा आणि जुलमी सरदाराशी झुंजणारा असा असे. सावकाराच्या खात्याखाली आणि जंगल खात्याच्या दस्तुराखाली दबलेल्या माणसाला ही झुंज परकी वाटण्याचे कारण नव्हते. ज्याची जमीन खतावर गेली आहे त्याने तटावरून उडी घेणाऱ्या नायकासाठी टाळ्या वाजविल्या, तर त्यात पोरकटपणा शोधणे हा समीक्षकाचा अन्याय आहे.

लवकरच विठ्ठल हा त्या काळच्या सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या नटांत गणला जाऊ लागला, आणि येथेच त्याच्या कारकिर्दीला वळण मिळाले. अर्देशिर इराणी यांनी त्याला आपल्या पहिल्या बोलपटाचा नायक नेमले. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले आणि त्यांनी त्याची सुटका केली. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला. जवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज ध्वनियंत्रात येऊ नये म्हणून त्याचे चित्रण बहुतांशी रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले होते. पहिल्या खेळाची गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले, आणि हिंदुस्थानच्या पडद्याला वाचा फुटली. परंतु त्याच वाचेने विठ्ठलला मुके केले. कोल्हापूरच्या या मराठी नटाची हिंदुस्थानी जबान पुरेशी साफ नसल्यामुळे त्याची भूमिका मोठ्या अंशी तंद्रीत ठेवण्यात आली असे सांगतात. ज्याचा देह सहा-सात वर्षे पडद्यावर एक क्षण स्वस्थ बसला नव्हता, त्याला पहिल्या बोलपटात स्वस्थ बसविले गेले. हा प्रसंग मला आपल्या चित्रपटाच्या इतिहासातला अत्यंत करुण प्रसंग वाटतो.

पुढची वर्षे मी थोडक्यात सांगतो. सरस्वती सिनेटोनसाठी १९३३ साली त्याने 'आवारा शहजादा', मराठीत 'औट घटकेचा राजा', दिग्दर्शित केला, आणि त्यात शाहू मोडक यांना दुहेरी भूमिका दिली. पार्श्वनाथ आळतेकर यांच्या १९३४ च्या 'छत्रपती संभाजी'त आणि भालजी पेंढारकर यांच्या १९३९ च्या 'नेताजी पालकर'मध्ये मराठी भाषेने त्याला आसरा दिला, आणि स्वभाषेत बोलताना त्याचा देह पुन्हा मोकळा झाला. नंतर भूमिका लहान होत गेल्या. १९६९ मध्ये तो वारला.

त्याची कला मात्र दुय्यम मानलेल्या गल्ल्यांतून जिवंत राहिली. वाडिया बंधूंच्या १९३५ च्या 'हंटरवाली'तली नादिया, चेंबूरकडे अल्प भांडवलावर मारधाडीचे चित्रपट काढणारे भगवान पालव, यांच्या चित्रपटांच्या प्रती शहरातल्या मोठ्या चित्रगृहांतून उतरल्या की वर्षानुवर्षे तंबूंतून फिरत. प्रतिष्ठित पाक्षिकांनी त्यांची दखल घेतली नाही, जत्रेने घेतली. भगवान यांचे नाव आज 'अलबेला'च्या गीतांसाठी घेतले जाते, आणि त्याआधीचे मारधाडीचे सारे आयुष्य प्रस्तावनेत जाते.

आता या कलेची आजची स्थिती काय? प्रथम साधनांची स्थिती पाहू. आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी आज हाती राहिलेले अगदी थोडे, आणि तेही पुष्कळसे तुटक. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही; काही आगीत गेली, काही कुजली, काही तिच्यातली चांदी काढण्यासाठी वितळविली गेली. 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले म्हणून जे आहे ते तरी आहे. त्यांत १९३१ चा 'दिलेर जिगर' आहे. जी. पी. पवार यांच्या या चित्रपटात हमीर नायक आहे आणि पुढे खाष्ट सासू म्हणून सर्वांना ठाऊक झालेल्या ललिता पवार तरुण, चपळ, तलवार चालविणाऱ्या नायिकेच्या रूपात आहेत. राज्याला मुकलेला नायक कसरती करून पोट भरतो. म्हणजे जत्रेतला डोंबारीच तो. विठ्ठलच्या संप्रदायाचा अंदाज घ्यावयाचा तर हीच एक खिडकी. दोघांच्या हालचालींत अंतर कसे राखले आहे, वार चुकविताना मागचा पाय कोठे पडतो, झेपेपूर्वी खांदा क्षणभर कसा खाली येतो, हे पाहिले म्हणजे येथे एक निश्चित व्याकरण होते याविषयी शंका राहत नाही.

दुसरी स्थिती समीक्षेची, आणि ती अधिक चिंताजनक आहे. मूकपटांवर जे अलीकडे लिहिले जाते त्यात कंपन्यांचे भागीदार, दाव्यांचे निकाल आणि पहिलेपणाचे वाद यांचा भरणा असतो. नटाचा देह त्यात नसतो. आज भागाभागांची कथा दूरचित्रवाणीवरून शहापूर-मुरबाडच्या घराघरांत रोज रात्री येते, आणि तीत माणसे दिवाणखान्यात उभी राहून केवळ बोलतात. चेहरा जवळून दाखविला जातो, पाय कधीच दिसत नाहीत. मी त्यांचा उपहास करीत नाही, त्यातही श्रम आहेत. पण ज्या प्रेक्षकाला टाचेतला क्रोध वाचता येत होता त्याला त्या वाचनाची संधीच उरली नाही, याचे मला दुःख होते.

म्हणून पुण्याच्या संग्रहालयातले उरलेसुरले मूकपट शहरातल्या महोत्सवांत जाणकारांपुढे पियानोच्या साथीने दाखविले जातात त्याबरोबरच त्यांची एखादी फेरी म्हशाच्या जत्रेत व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पौषाची थंडी असावी, जमिनीवर घोंगडी पसरलेली असावी, साथीला बोहाड्यातला संबळवाला बसवावा. 'दिलेर जिगर'मधली नायिका तलवार उपसते त्या ठिकाणी ठेका कोठे चढवावा हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.